आरएक्स १३५ ड्रॅग बाइक: सीझ झालेलं इंजिन पावसाळ्यात पुन्हा बांधतोय

गिरणगावकर | १ जून २०२५, रात्री १०:४८

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसता वाचक होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

यंदा पाऊस २६ मेलाच मुंबईत उतरला. धावपट्ट्या आता दसऱ्यापर्यंत ओल्याच राहणार, म्हणजे हातात चार महिने आहेत. गाडी यामाहा आरएक्स १३५, मूळची मामाची. तो गेल्यावर मामीने चावी माझ्या हातात ठेवली आणि एवढंच म्हणाली, "उभी ठेवू नकोस." गेली तीन वर्षं मी ती फक्त ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ पट्टीवरच्या शर्यतीसाठी, वापरतो. ऑइल पंप काढलाय, पेट्रोलमध्येच लिटरला ४० मिली टू-टी ऑइल घालतो. पोर्टिंग केलेलं (सिलिंडरची भोकं कोरून मोठी केलेली), एक्सपान्शन चेंबर (एक्झॉस्टचा फुगीर पाइप) हाताने बनवलेला.

फेब्रुवारीत लोणावळ्याजवळच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या, तिसऱ्या रनला शेवटच्या शंभर मीटरमध्ये मागचं चाक एकदम जाम झालं. क्लचवर दोन बोटं होती म्हणून गाडी सरळ राहिली. तेव्हापासून ती चाळीच्या जिन्याखाली झाकून ठेवली होती.

काल सिलिंडर उतरवला. पिस्टनला एक्झॉस्टच्या बाजूने उभे ओरखडे आहेत, रिंग खोबणीत चिकटली आहे, ॲल्युमिनियम लाइनरला सारवल्यासारखं लागलंय. स्पार्क प्लग खडूसारखा पांढरा. क्रँक हाताने फिरते, रॉडला खाली-वर प्ले जाणवत नाही.

त्या दिवशी दुसऱ्या रनआधी रांगेत उभा असताना थ्रॉटल सोडला तरी आवाज लगेच खाली येत नव्हता. रेसची वायर अडकत असेल असं वाटून तिच्यात तेल सोडलं होतं. संबंध असेल-नसेल म्हणून लिहून ठेवतो.

रविवारी बॉटम, म्हणजे खालची क्रँककेस, उघडायचा विचार आहे. नवा क्रँक किट, बेअरिंग, सील, ०.५० ओव्हरसाइझ (अर्धा मिमी मोठा) पिस्टन, आणि मेन जेट (कार्बोरेटरचं पेट्रोल सोडणारं भोक) दोन नंबर मोठा. बोअरिंग, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करणं, कुठे करावं? आणि जेट किती वाढवू?

घाटरस्ता | १ जून, रात्री ११:३०

वाचलास, आधी त्याबद्दल देवाचे आभार मान. क्लचवर बोटं ठेवायची सवय कधी सोडू नकोस.

पांढरा प्लग आणि एक्झॉस्टकडे ओरखडे, म्हणजे मिश्रण पातळ झालं होतं, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. जेट मुंबईत ऑक्टोबरच्या उकाड्यात बसवलास आणि पळवलीस फेब्रुवारीच्या थंड सकाळी. थंड हवा दाट असते, तिला पेट्रोल जास्त लागतं. जेट वाढव. पूर्वी आम्ही आरडी ३५० घेऊन घाटावर जायचो तेव्हा थंडीत हमखास एक नंबर वाढवायचो.

वागळे_गाळा | २ जून, सकाळी ७:१५

बोअरिंगसाठी ठाण्यात वागळे इस्टेटला ये. आमच्या शेजारच्या गाळ्यात चांगलं मशीन आहे. पण नुसतं "०.५० कर" सांगून सिलिंडर टाकून जाऊ नकोस. पिस्टन आधी विकत घे आणि सोबत आण. एकाच मापाच्या खोक्यातले दोन पिस्टन शंभरावा भाग मिलिमीटरने वेगळे निघतात. बोअर पिस्टनवरून ठरतो, खोक्यावरच्या आकड्यावरून नाही.

मोजपट्टी | २ जून, दुपारी १:०२

गिरणगावकर, रविवारी बॉटम उघडू नका. कळकळीने सांगते. एकदा क्रँककेस फोडलीत की काय बिघडलं होतं याचा पुरावा कायमचा गेला. नवे सील, नवी पॅकिंग बसतील, गाडी सुरू होईल, आणि खरं कारण काय होतं ते कळणारच नाही. जानेवारीत तीच गोष्ट पुन्हा होईल, आणि तेव्हा बोटं क्लचवर असतीलच असं नाही.

घाटरस्ता दादांचं थंड हवेबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, पण हिशेब अर्धाच झालाय. मुंबईत ३२ अंशांना सेट केलेली गाडी १४ अंशांत पळवली तर हवा साधारण सहा टक्के दाट मिळते. पण लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे. तिथे उंचीमुळे हवा सहा-सात टक्के विरळ होते. दोन्ही गोष्टी एकमेकींना जवळजवळ फेडतात. कोरड्या हवेचा थोडा फरक राहतो, पण तेवढ्याने पिस्टन सारवला जाणार नाही. निदान आधीचे दोन रन नीट गेल्यावर तिसऱ्याला नाही.

तुमची महत्त्वाची ओळ शेवटाकडे आहे. थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम वर लटकत होता. म्हणजे कार्बोरेटरला बगल देऊन कुठून तरी हवा आत जात होती. मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या) रबराला चीर, सिलिंडरखालची बेस पॅकिंग किंवा क्रँकचा ऑइल सील, यांपैकी एक.

एक प्रश्न. गिअर ऑइल कमी झालं होतं का? धूर वाढला होता का? क्लचकडचा सील गेला तर क्रँककेस गिअर ऑइल ओढते, धूर दाट होतो आणि ऑइलची पातळी उतरते. दुसऱ्या टोकाला, मॅग्नेटकडच्या (वीज बनवणाऱ्या चाकाकडच्या) सीलपलीकडे ऑइल नसतंच, तिथून नुसती हवा येते. डोळ्यांना काहीच दिसत नाही आणि मिश्रण पातळ होत जातं.

गिरणगावकर | २ जून, रात्री ९:४०

ताई, आत्ताच जिन्याखाली टॉर्च घेऊन बसून मोजलं. गिअर ऑइल जेवढं भरलं होतं तेवढंच निघालं, रंगही स्वच्छ. धूर नेहमीसारखाच होता.

मग मॅग्नेटकडची बाजू? ते सील नोव्हेंबरमध्ये एका गॅरेजमध्ये नवे टाकून घेतले होते, म्हणून माझ्या मनातही आलं नाही.

मोजपट्टी | २ जून, रात्री १०:२०

नवा सील आहे म्हणजे तो शाबूत आहे असं नाही. प्रेशर टेस्ट करा, म्हणजे इंजिनात हवा भरून ती कुठून गळते ते बघा. सामान घरचंच पुरतं.

जुना सिलिंडर, जुना पिस्टन तसाच परत बसवा. ओरखडे असले तरी या कामापुरता चालतो, फक्त बेस पॅकिंग नवी टाका. एक्झॉस्टच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि त्यावर पट्टी, बोल्टने आवळून. मॅनिफोल्डचं रबर जागेवर राहू द्या आणि त्याच्या तोंडात लाकडी बूच क्लिपने आवळा. रीडच्या (हवा फक्त आत सोडणाऱ्या झडपेच्या) पाकळ्या आधी काढा. आतून दाब दिला की रीड बंद होते आणि मॅनिफोल्डपर्यंत दाब पोचत नाही. मग चीर पडलेलं रबरही पास झाल्यासारखं वाटतं.

जुन्या प्लगची चिनी माती फोडून बाहेर काढा, आत पितळी नळी अराल्डाइटने चिकटवा. पिस्टन खाली आणा म्हणजे ट्रान्सफर पोर्ट (क्रँककेसमधून सिलिंडरमध्ये जाणाऱ्या वाटा) उघडे राहतील आणि वर-खाली एकच पोकळी होईल. दाब देऊन मोजायला बीपीचं मशीन घ्या, रबरी फुग्याचं आणि काट्याचं. २५० मिलिमीटरपर्यंत चढवा, म्हणजे पाच पीएसआयच्या थोडं खाली. त्याहून जास्त नको, सील उलटतात. सहा मिनिटं थांबा. काटा जवळपास जागेवर राहिला पाहिजे. उतरला तर साबणाचं पाणी लावा.

घाटरस्ता | ३ जून, सकाळी ६:५०

मोजपट्टी ताई, उंचीचा हिशेब मी कधी धरलाच नव्हता. आम्ही जेट वाढवायचो आणि गाडी घाटावर गुदमरली की प्लगला दोष द्यायचो. बरं झालं लिहिलंत.

गिरणगावकर | ८ जून, संध्याकाळी ६:३०

सापडलं!

बीपीचं मशीन आईचं. तिने दिलं, पण पट्ट्याला ग्रीस लागता कामा नये अशी ताकीद देऊन. आज सकाळपासून जिन्याखाली बसलो होतो. शेजारचे काका रेल्वेच्या परळ वर्कशॉपमधून टर्नर म्हणून निवृत्त झालेत. फुसफुस ऐकून तेही स्टूल घेऊन आले.

पहिल्या वेळी काटा २५० वरून धाडकन उतरला. माझं बूच सैल होतं. सायकलच्या ट्यूबचा आणखी एक थर दिल्यावर थांबला. दुसऱ्या वेळी २५० वरून १०० वर यायला एक मिनिटही लागलं नाही. मॅनिफोल्डला साबण लावला, काही नाही. बेस पॅकिंगला काही नाही. मग पुलर लावून मॅग्नेट काढला आणि सीलभोवती पाणी सोडलं. घड्याळातल्या साडेसातच्या ठिकाणी बारीक फेस, आणि क्रँक फिरवली की फेसाची जागा तीच.

काकांनी भिंग लावून बघितलं. सीलच्या ओठावर नखाएवढी चीर आहे. त्यांच्या मते सील क्रँकवर सरकवताना चावीच्या खाचेवरून तसाच ढकलला आणि खाचेच्या कडेने ओठ कापला. म्हणजे नोव्हेंबरपासून मी कापलेल्या सीलवर गाडी पळवत होतो. सुरुवातीला चीर लहान असणार, मग वाढत गेली असेल.

रविवारी घाईने केस फोडली असती तर तो सील रॉकेलच्या डब्यात गेला असता आणि मी मोठा जेट टाकून स्वतःचं समाधान करून घेतलं असतं. ताई, मनापासून आभार.

मोजपट्टी | ८ जून, संध्याकाळी ७:४५

अभिनंदन. आता बॉटम खुशाल उघडा.

नवा सील बसवताना खाचेवर सेलोटेपचा एक गुळगुळीत थर द्या, ओठाला ग्रीस लावा, सील बसला की टेप ओढून काढा.

आणि आणखी एक मोजाच. कॉम्प्रेशन (मिश्रण दाबलं जाण्याचं प्रमाण) वाढवायला हेड कधी घासून घेतलं होतं का? गळती हेच मुख्य कारण, यात शंका नाही. पण पातळ मिश्रण काही रन सहन करायला इंजिनात थोडी सवड असावी लागते. हेड जास्त घासलं असेल तर तीही उरत नाही.

गिरणगावकर | २२ जून, रात्री ११:१०

हेड मोजलं. औषधाच्या दुकानातून २० मिलीची सिरिंज आणली, पिस्टन अगदी वर आणून प्लगच्या भोकातून ऑइल-पेट्रोल सोडलं, आट्यांच्या खालच्या काठापर्यंत. तीनदा मोजून १०.६ मिली आलं. ५८ बोअर, ५० स्ट्रोक, म्हणजे १३२.१ सीसी. १३२.१ भागिले १०.६, अधिक एक. कॉम्प्रेशन साडेतेराला एक! पंपावरच्या साध्या पेट्रोलवर. हे कधी आणि कोणी घासलं, मला माहीत नाही. मामाच्या वेळचं असेल.

०.५० पिस्टन टाकल्यावर १३४.४ सीसी होणार. बाराला एक हवं असेल तर वरची जागा १२.२ मिली लागेल. वागळे दादांच्या शेजारी लेथवर हेडची डोम उघडून घ्यायची ठरवलंय.

वागळे_गाळा | २३ जून, सकाळी ८:००

डोम उघडताना कडेच्या सपाट पट्ट्याला, स्क्विशला, हात लावायचा नाही. जागा मधून वाढव. बांधून झाल्यावर सोल्डरची तार पिस्टनपिनच्या रेषेत दोन्ही बाजूंना ठेवून इंजिन एकदा फिरव आणि चेपलेला भाग व्हर्निअरने मोज. ०.९ ते १.० मिमी मिळाला की निर्धास्त राहा. तार पिनच्या रेषेतच ठेवायची, नाहीतर पिस्टन कलतो आणि माप खोटं येतं.

शिवाय तुझ्या शर्यतीच्या गटाचं नियमपत्रक वाच. ०.५० ला १३४.४ सीसी, पण पुढे १.०० ला गेलास तर १३६.७ होतात. ओव्हरसाइझची सूट किती आहे ते बघूनच पिस्टन घे. जिंकलेला रन तांत्रिक तपासणीत बाद होताना मी बघितलाय, त्या पोराचा चेहरा अजून आठवतो.

गिरणगावकर | १३ जुलै, रात्री १०:०५

क्रँकबद्दल लिहायचं राहिलं होतं, आणि हा भाग मला सविस्तर लिहायचाय.

रॉड किट, बेअरिंग सी-३ क्लिअरन्सचे (आत जरा जास्त मोकळीक असलेले), नागदेवीच्या बाजारात दोन दुकानं फिरून पक्क्या बिलावर घेतले. बेअरिंगमध्ये नक्कल फार झालीय. भाव निम्मा सांगितला की मी दुकानातून बाहेर पडतो. जुना रॉड दाबून काढणं आणि नवा बसवणं प्रेसवर झालं. पण प्रेसवरून आलेली क्रँक सरळ नसतेच, ती सरळ करावी लागते.

काकांनी ती आपल्याकडे आणायला सांगितली. त्यांच्या खोलीत पलंगाखाली तेलकट फडक्यात गुंडाळलेले दोन व्ही-ब्लॉक आणि एक डायल गेज आहे. निवृत्तीनंतर एकदाही बाहेर काढले नव्हते. खिडकीतल्या ओट्यावर पाट ठेवला, त्यावर ब्लॉक, त्यावर क्रँक. फिरवताना क्रँक किती डुलते त्याचं पहिलं रीडिंग ०.०७ मिलिमीटर. काकांनी खडूने एका वेबवर (क्रँकच्या चकतीवर) खूण केली, तांब्याची हातोडी घेतली आणि एकच टोला दिला. ०.०५. पुन्हा फिरवली, बराच वेळ नुसतं काट्याकडे बघत राहिले. मग दुसऱ्या बाजूला लाकडी पाचर ठोकून किंचित उघडली. ०.०३. चहा आला, तो तसाच गार झाला. दोन तासांनी काटा ०.०२ च्या पुढे जाईना.

मी म्हटलं, काका, ०.०३ चालतं, पुस्तकात लिहिलंय. ते म्हणाले, "तू बसणार आहेस ना हिच्यावर?"

त्यांच्या हाताला आता कंप आहे. हातोडी उचलल्यावर नव्हता.

शिवडीकर | १३ जुलै, रात्री १०:५०

डोळ्यांत पाणी आलं भावा. माझे वडील गिरणीत फिटर होते. त्यांची पेटी अजून माळ्यावर आहे. उद्या काढतो.

नवखा_१९ | १४ जुलै, दुपारी ४:२०

छान धागा. माझ्याकडे आरएक्स १०० आहे. दोन प्रश्न. एक्झॉस्टचा पाइप लहान केला तर टॉप स्पीड वाढतो का? आणि इंजिन बांधल्यावर टेस्टिंग बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) रस्त्यावर रात्री करता येईल का? मित्र जातात.

घाटरस्ता | १४ जुलै, संध्याकाळी ५:१०

बाळा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ रस्त्यावरच्या शर्यतीसाठीच आहे, पण मी तुला कायद्याची भीती घालत नाही. या धाग्यातली पहिलीच पोस्ट परत वाच. मागचं चाक जाम झालं ते बंद धावपट्टीवर. पुढे कोणी नव्हतं, मागे ट्रक नव्हता, कडेला रुग्णवाहिका उभी होती. तेच रात्री बीकेसीत झालं असतं तर हा धागा कोणी लिहिला असता? मी असाच एक जिवलग मित्र वांद्र्याला गमावलाय. मित्रांनाही हे दाखव.

मोजपट्टी | १४ जुलै, रात्री ९:३०

पाइपबद्दल. पोर्ट उघडल्यावर दाबाची लाट पाइपमधून जाते, मागच्या निमुळत्या कोनावर आपटते आणि परत येते. ती पोर्ट बंद होण्याच्या जरा आधी पोचली तर बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण आत ढकलते. त्यामुळे लांबी एका ठरावीक आरपीएमलाच जुळते. जुना ढोबळ हिशेब असा: क्रँकच्या एका फेरीत एक्झॉस्ट उघडा राहण्याचे अंश गुणिले १७००, भागिले आरपीएम, उत्तर इंचात. १९० अंश आणि १०,००० आरपीएम धरले तर ३२.३ इंच, म्हणजे ८२० मिमी, पिस्टनपासून मागच्या कोनाच्या मध्यापर्यंत. पाइप ७९० केला तर तीच ताकद साधारण १०,४०० ला सरकते. एकूण ताकद वाढतेच असं नाही, फक्त जागा बदलते, आणि खालची ओढ जाते. तुमच्या पोर्टचे अंश मोजल्याशिवाय पाइप कापू नका.

गिरणगावकर | १९ ऑगस्ट, रात्री ८:१५

कालपासून नुसता कोसळतोय. लोकल रखडल्या, मी घरीच. जिन्याखाली घोटाभर पाणी आलं, पण इंजिन दोन दिवस आधीच खोलीत कपाटावर चढवलं होतं. सिलिंडर बोअर होऊन आलाय, पिस्टन-क्लिअरन्स ०.०५. होनिंगची चौकडी सुंदर आलीय. पोर्टच्या कडा बारीक कानशीने मोडल्या, नाहीतर रिंग अडकून तुटते. या हवेत कोरा लाइनर एका रात्रीत तांबूस होतो, म्हणून ऑइल चोपडून प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवलाय.

एक वाईट बातमी. टाकीत फेब्रुवारीचं पेट्रोल तसंच राहिलं होतं. ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. तळाशी पाण्याचा वेगळा थर निघाला आणि कार्बोरेटरच्या वाटीत पांढरी बुरशी चढल्यासारखी. फ्लोटची रबरी पॅकिंग फुगून बाहेर आलीय.

वागळे_गाळा | १९ ऑगस्ट, रात्री ९:००

इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि एका मर्यादेनंतर ते पाणी घेऊन तळाला बसतं. मुंबईच्या पावसाळ्यात तर फारच लवकर. मोसम संपला की टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही पूर्ण रिकामं करायचं, पेट्रोलची नळीसुद्धा काढून ठेवायची. नवी नळी इथेनॉलला टिकणारी घे.

आणि जेटबद्दल आता बोलायला हरकत नाही. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे ई-२० वर पेट्रोल प्रमाणात जास्त लागतं. जुन्या पेट्रोलवर जुळवलेला जेट आज पातळ पडतो. एक नंबर वाढव, प्लग बघ, मग पुढचा विचार.

गिरणगावकर | २ ऑक्टोबर, रात्री ९:५५

सर्वांना दसऱ्याच्या शुभेच्छा.

गाडी सुरू झाली!

चाळीत आवाज करायचा नाही हे आधीच ठरलं होतं. काल खंडेनवमीला काकांनी डायल गेज, व्ही-ब्लॉक आणि तांब्याची हातोडी पाटावर मांडून पूजा केली. आज सकाळी टेम्पोत घालून गाडी वागळे इस्टेटला नेली. काका आणि मामी दोघंही आले.

सुरू करण्याआधी बीपीचं मशीन पुन्हा लावलं. २५० वर चढवलं, सहा मिनिटांनी २४४. स्क्विश ०.९५. हेड १२.२ मिली. हे सगळं पुठ्ठ्यावर लिहून टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलंय.

चौथ्या किकला सुरू झाली. थ्रॉटल उघडला, सोडला, आणि आवाज तिथल्या तिथे खाली आला. लटकला नाही. मी तीन-चारदा नुसतं तेवढंच करून बघितलं. मामी काही बोलली नाही, टाकीवर हात ठेवून उभी राहिली. आपट्याचं पान हँडलला तिनेच लावलं.

तीनदा गरम करून पूर्ण गार होऊ दिली, हेडचे नट पुन्हा टॉर्क पान्याने बघितले. जेट एक नंबर मोठा आहे. प्लग फिकट तपकिरी वाटतोय, पण मला खात्री नाही. अजून लोड दिलेला नाही. ड्रेन बोल्टना भोकं पाडून लॉक वायर (बोल्ट सुटू नये म्हणून) घालायची बाकी आहे, आणि इंजिन बंद करणाऱ्या किल स्विचची मनगटाला बांधायची दोरी नवी घ्यायची आहे. फोटो टाकलाय, बघून सांगा.

मोजपट्टी | २ ऑक्टोबर, रात्री १०:३०

फार आनंद झाला. काकांना माझा नमस्कार सांगा.

फोटोवरून रंग सांगता येत नाही, गाळ्यातल्या ट्यूबलाइटखाली काढलेला दिसतोय. उद्या दिवसाच्या उजेडात काढा, आणि नुसतं टोक नको, आतल्या चिनी मातीचा तळ दिसला पाहिजे. मेन जेटचा रंग तिथे उमटतो. आणि तो प्लग थांबून-थांबून चालवलेला नको. नवा प्लग, लोडवर पूर्ण थ्रॉटल, आणि तिथेच क्लच दाबून इंजिन किल.